मुकादमाकडं अडकलेली उचल

तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम उरकून नीरा ओलांडते आणि अकलूजच्या वाटेला लागते. वारकरी पुढं गेले की इंदापूर-बारामतीच्या ट्रॅक्टरवाल्यांची दुसरी वारी सुरू होते, ती बीडची. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, नाहीतर मग नगरकडचं पाथर्डी. कारखान्याचा बॉयलर पेटायला अजून तीन महिने असतात, पण टोळी आत्ताच बांधावी लागते. टोळी बांधायची म्हणजे मुकादमाच्या हातात उचल ठेवायची. आणि एकदा उचल हातातून गेली की ती कामाच्या रूपानं परत येईल की नुसती फोनवर 'येतो, येतो' एवढीच येईल, हे दिवाळीपर्यंत कळत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा आणि शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो असे कारखाने आहेत. या पट्ट्यात ऊस नवा नाही, वालचंदनगरला १९३० च्या दशकातच साखर निघत होती. उसाची लागण, खत, पाणी, खोडवा याबद्दल आम्ही कृषी खात्याची माणसं वर्षभर बोलतो. तोडणीच्या पैशाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. तो कारखान्याचा आणि ठेकेदाराचा मामला आहे असं धरून चालतात. प्रत्यक्षात टोळी पळाली की पहिला ऊस वाळतो तो शेतकऱ्याचाच. सोळा-अठरा महिन्यांची आडसाली तुरा येऊन उभी राहते, वजन घटतं, आणि तोड मिळावी म्हणून पुन्हा 'खुशाली' मोजावी लागते ती वेगळीच. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून वजा होऊनच बिल हातात पडतं. म्हणजे बुडालेल्या उचलीची झळ फिरून फिरून शेतकऱ्याच्या बांधावर येते.

पैसा जातो कसा

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखाना ट्रॅक्टरमालकाबरोबर तोडणी-वाहतुकीचा करार करतो. कागदावर हा मालक स्वतंत्र ठेकेदार असतो, कारखान्याचा नोकर नव्हे. कारखाना स्वतः किंवा आपल्या हमीवर बँकेतून त्याला अ‍ॅडव्हान्स मिळवून देतो. हे कर्ज ट्रॅक्टरमालकाच्या नावावर चढतं. त्यातून तो मुकादमाला उचल देतो. मुकादम ती कोयत्यांना वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. कोयत्यामागं पन्नास हजारांपासून लाखापर्यंत उचल चालते. आठ-दहा कोयत्यांच्या एका टोळीला सहज आठ-दहा लाख लागतात.

आता हिशेब मांडून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपयांच्या आसपासचा दर ३६६ वर गेला. हा करार २०२३-२४ च्या हंगामापासून तीन वर्षांसाठी होता. हिशेबापुरता तोच दर धरू. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये होतात. ऐंशी हजार उचल फिटायला १०९ दिवस लागतात. आपला हंगाम चार महिने, कधी पाच. म्हणजे उचल ही आगाऊ रक्कम राहतच नाही, जवळजवळ सगळ्या हंगामाची मजुरी आधीच दिलेली असते. त्यात आठवड्याची खर्ची वेगळी, आजारपण वेगळं, खाडा वेगळा. शेवटच्या पंधरवड्यात कोयत्याच्या नावावर बाकी निघते ती यामुळं. बाकी निघाली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं, त्याच मालकाकडं यावं लागतं. नाहीतर रात्री निघून जावं लागतं.

मुकादमाला या व्यवहारात तोडणीच्या बिलावर कमिशन मिळतं, वीस टक्क्यांच्या घरात. दहा कोयत्यांनी हंगामात २२०० टन तोडले तर तोडणी आठ लाख पाच हजारांची होते आणि कमिशन दीड लाखाच्या वर जातं. रक्कम लहान नाही. पण सगळे मुकादम लबाड असतात असं म्हणणं चुकीचं होईल. पुष्कळसे कालपरवापर्यंत स्वतः कोयता चालवणारे आहेत. गावातल्या दहा घरांची उचल आपल्या जिवावर घेतात, एखाद्या घरात मयत झाली, बाई बाळंत झाली, कुणी दुसऱ्याची जास्त उचल धरली, की वरचा मालक यांच्याच दारात उभा राहतो. काही जणांची शेतं त्यात गेली आहेत.

लबाडीची जात वेगळी असते आणि ती ओळखू येते. एकाच टोळीवर तीन मालकांकडून उचल घ्यायची. यादीतली निम्मी नावं खोटी द्यायची. पैसे रोखीनंच मागायचे, तेही गावात नको, स्टँडवर किंवा हॉटेलात. पश्चिम महाराष्ट्रातले वाहतूकदार गेली काही वर्षं संघटना बांधून, मोर्चे काढून जे ओरडताहेत ते याच प्रकाराबद्दल.

दोन मालक, दोन वाटा

इंदापूर तालुक्यातली दोन उदाहरणं माझ्या पाहण्यातली आहेत. नावं देत नाही.

पहिल्याला तीन एकर रान आणि कर्जावरचा ट्रॅक्टर. दहा कोयत्यांसाठी आठ लाख दिले, चार हप्त्यांत, सगळे रोख. करार म्हणून मुकादमाच्या मेव्हण्यानं वहीच्या पानावर अंगठा उठवला. ऑक्टोबरअखेर सहाच कोयते आले. चार कोयत्यांचे तीन लाख वीस हजार तिथंच गेले. आलेल्या सहांनी साठ दिवस काम केलं, म्हणजे वरच्या हिशेबानं प्रत्येकी ४३,९२० रुपये फेडले. एका सकाळी कोप्या रिकाम्या. उरलेली बाकी प्रत्येकी ३६,०८० प्रमाणं दोन लाख सोळा हजार. सगळी मिळून ५ लाख ३६ हजारांवर. ट्रॅक्टर उभा, कारखान्याचं डिपॉझिट अडकलेलं, बँकेचा हप्ता चालू. "साहेब, पैसे दिल्याचं अख्ख्या गावाला माहिती हाय," असं तो म्हणत होता. गाव साक्षीला येतं, पण कोणत्या तारखेला किती दिले ते गावाला सांगता येत नाही. हप्त्यांच्या तारखा त्याच्या स्वतःच्याही लक्षात नव्हत्या.

दुसऱ्याचेही पैसे अडकले होते, साधारण तेवढेच. पण त्यानं प्रत्येक हप्ता बँकेतून मुकादमाच्या खात्यावर पाठवला होता. स्टँपवर करार, कोयत्यांची यादी आधारच्या झेरॉक्ससह, मुकादमाचा चेक, आणि पंधरवड्याचं बिल निघालं की वहीत टनेज, वजावट, बाकी लिहून मुकादमाची सही. बायको दहावी शिकलेली, वही तिच्याकडं. मुकादमानं टाळाटाळ केली तेव्हा त्यानं वकिलाची नोटीस पाठवली आणि मामला लोकअदालतीत नेला. एकरकमी काही मिळालं नाही. चार हप्ते ठरले, त्यातले दोन आले आहेत, तिसरा दोन महिने उशिरा का होईना पण येईल असं दिसतं.

दोघांत फरक एवढाच, की एकाजवळ वही होती आणि दुसऱ्याजवळ राग होता.

राग कुठं नेतो

याच्यावर थोडं थांबून बोलतो, कारण इथं माणसं स्वतःच्या हातानं खड्ड्यात पडतात. उचल बुडाली की चार पोरं जमवून जीप काढायची, बीडला जायचं, मुकादमाला नाहीतर त्याच्या भावाला गाडीत घालून आणायचं. काही जण मजुरांची पोरं, बैलं, भांडीकुंडी अडवून ठेवतात. 'बाकी फेडल्याशिवाय हलायचं नाही' असं बजावतात.

वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. आगाऊ रकमेपोटी माणसाला काम करायला भाग पाडणं, त्याला दुसरीकडं जायला किंवा दुसरं काम धरायला मनाई करणं हे त्या कायद्यात गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि मालकांना जे माहीत नसतं ते असं, की व्यवहार वेठबिगारीचा ठरला तर ते कर्जच कायद्यानं संपतं. म्हणजे सहा लाखांचा खरा, रीतसर दिलेला पैसा, एका कुटुंबाला आठ दिवस कोपीत कोंडलं म्हणून वसूल करण्याच्या पलीकडं जाऊ शकतो. वर अपहरणाचा आणि मारहाणीचा गुन्हा. जामिनाला लागणारा पैसा परत बँकेतूनच.

सर्वोच्च न्यायालयानं १८ सप्टेंबर १९८२ ला एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात निकाल दिला. दिल्लीत त्या वेळी किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. ठेकेदार ते पैसे जमादाराकडं देत आणि जमादार माणसामागं एक रुपया कापून सव्वाआठ हातावर टेकवत. न्यायालयानं सांगितलं, किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं हीसुद्धा वेठच आहे, आणि ठेकेदाराकडं बोट दाखवून वरच्याला सुटता येणार नाही. जमादार म्हणजे आपल्याकडचा मुकादमच. तेव्हा टोळीच्या हिशेबात मुकादम खालच्यांना काय देतो याकडं ट्रॅक्टरमालकानं डोळेझाक करू नये. 'मी मुकादमाला दिले, पुढचं त्याचं तो बघेल' हे उत्तर तिथं चालत नाही.

रस्ता कोणता

पोलीस ठाण्यात गेलं की बहुतेक वेळा 'हा दिवाणी मामला आहे' असं ऐकावं लागतं. राग येतो, पण त्यात थोडं तथ्य आहे. दिलेला शब्द पाळला नाही एवढ्यानं फसवणूक होत नाही. पैसे घेतानाच बुडवायचा बेत होता हे दिसावं लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, जुन्या ४२० च्या जागी तिथं कलम ३१८ आहे. बेत होता हे दाखवायचं तर एकाच टोळीवर दुसऱ्या मालकाकडूनही त्याच महिन्यात उचल घेतल्याचा कागद, खोट्या नावांची यादी, असं काहीतरी हवं. म्हणून एकाच मुकादमानं बुडवलेल्या दोघा-तिघांनी एकत्र तक्रार करावी. ठाण्यात दखल घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावं, तरीही न झाल्यास मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो.

चेक असेल तर वाट सरळ आहे, फक्त तारखा पाळाव्या लागतात. चेक तीन महिन्यांच्या आत भरायचा. परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. एखादी तारीख चुकली की चांगला खटला अडचणीत येतो. आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून ही तक्रार आपलं खातं ज्या शाखेत आहे त्या हद्दीतल्या कोर्टात करायची असते. म्हणजे इंदापूरच्या माणसाला तारखांसाठी बीडला खेटे घालायला नकोत. हे पुष्कळांना माहीत नाही आणि लांबचा प्रवास नको म्हणून ते सोडून देतात.

कोरे चेक सही करून घ्यायची पद्धत आहे, ती मला पसंत नाही. उद्या तीन लाखांच्या बाकीवर आठ लाखांचा आकडा टाकायचा मोह होतो आणि मग वही आणि चेक एकमेकांशी जुळत नाहीत. चेकचा नंबर करारात लिहावा, आणि खरी बाकी असेल तेवढाच आकडा भरावा.

चेक नसेल तर दिवाणी दावा. मुदत तीन वर्षांची. पण मुकादमानं मधे बाकी कबूल केल्याचं सहीनिशी लिहून दिलं, किंवा थोडी रक्कम देऊन तशी सही केली, तर मुदत तिथून पुन्हा मोजली जाते. त्यामुळं 'दहा हजार दिलेत की, आता कशाला कागद' असं म्हणू नये. दहा हजारांची पावती करताना राहिलेली बाकीही त्यात लिहून घ्यावी, मुदतीच्या आतच.

दाव्याला वेळ आणि स्टँप फी लागते. त्याच्याआधी लोकअदालत करून पाहावी. बारामती आणि इंदापूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, तिथं दावा दाखल होण्याआधीचा अर्जही घेतात. फी नाही. समोरचा आला आणि तडजोड झाली तर तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असतो, त्यावर अपील नाही. अडचण एकच, समोरचा आला पाहिजे. मुकादम सहसा येतो, कारण पुढच्या हंगामात त्यालाही याच पट्ट्यात कुणाकडून तरी उचल घ्यायची असते.

ट्रॅक्टरमालकाचे स्वतःचे पैसे कारखान्याकडं अडकतात तो भाग निराळा. शेतकऱ्याच्या उसाला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचं कवच आहे. चौदा दिवसांत पैसे, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज, आणि शेवटी कारखान्याच्या मालमत्तेवर महसुली वसुली. वाहतुकीच्या बिलाला हे काही लागू नाही. ठेकेदारानं निदान उद्यम नोंदणी करून ठेवावी, तीही काम घेण्याआधी. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणं सेवा घेणाऱ्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि सुविधा परिषदेकडं दाद. मोठ्या कारखान्याशी वाकडं कोण घेणार, हा प्रश्न आहेच. पण हिशेबाच्या बैठकीत कायद्याचं नाव माहीत असणाऱ्याशी जरा वेगळं बोलतात, हे मी पाहिलं आहे.

कोपीतल्या बाईचा हिशेब

आतापर्यंत वरून खाली पाहिलं. खालून वर पाहिलं तर चित्र आणखी वाईट आहे. मोळ्या बांधणाऱ्या बाईला तिच्या कोयत्याचं टनेज किती झालं हे कुणी सांगत नाही. वजनाची पावती ट्रॅक्टरवाल्याकडं, बिल कारखान्याकडं, वही मुकादमाकडं. हंगाम संपला की मुकादम सांगतो, 'बाकी निघतीया.' किती टन, किती वजावट, व्याज कुठून आलं, काही नाही. वाढ्यांचे चार पैसे तेवढे रोजचे तिच्या हातात येतात. वीस माणसांच्या टोळीच्या मुकादमाला परवानाही लागत नाही. कंत्राटी मजुरांचा कायदा पन्नास माणसांपासून पुढं बघतो.

तिच्यासाठी आज दोन गोष्टी आहेत. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागं दहा रुपये त्यासाठी घ्यायचे ठरले आहे. मजुराची नोंद आणि ओळखपत्र त्याच्या मूळ गावातल्या ग्रामसेवकाकडून होतं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. थकलेल्या मजुरीसाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि महत्त्वाचं म्हणजे मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामावर घेणाऱ्यावर आहे. मजुरानं 'मिळाली नाही' म्हणायचं, मालकानं 'दिली' याचा कागद काढायचा. एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला जाणाऱ्या आपल्या जिरायती भागातल्या पोरांनाही हा नियम लागू आहे. सुपे, मोरगावकडच्या पोरांनी तो लक्षात ठेवावा. हजेरीचा, पगाराचा मेसेज मोबाइलमधून पुसू नये.

ट्रॅक्टरमालकाला वाटेल, हे सगळं माझ्यावरच उलटणार. तसं नाही. त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याचं टनेज वेगळं असेल, पंधरवड्याला ते टोळीसमोर वाचून दाखवलं असेल, तर मुकादमाला मधल्या मधे काही करता येत नाही. मजुराला स्वतःची बाकी दिसत असेल तर तो सहसा पळत नाही. पळतो तो, ज्याला कितीही तोडलं तरी बाकी हलताना दिसत नाही तो.

या हंगामासाठी

करार करायचा तो इंदापुरात किंवा बारामतीत बसून करावा आणि ठिकाण करारात लिहावं, पुढं दावा इथंच लावता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टँपऐवजी पाचशेचा लागतो, तेवढ्यासाठी कोऱ्या कागदावर भागवू नये. यादीतल्या नावांची मुकादमाच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन खात्री करावी, ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र असेल तर त्याची झेरॉक्स घ्यावी. एक फेरी वाढते, पण खोटी नावं तिथंच गळतात. सगळी उचल एकदम देऊ नये. निम्मी कराराच्या वेळी, उरलेली टोळी कोपीवर उतरल्यावर. मुकादम कुरकुर करतो, दुसऱ्या मालकाचं नाव सांगतो. जाऊ द्यावा. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपापल्या मुकादमांची नावं एकमेकांना सांगितली तर एका टोळीवर दोन उचली निघणं बरंचसं थांबेल. आज ती नावं लपवतात, दुसरा पळवील म्हणून.

यंत्रानं तोडणी हा यावरचा उपाय आहे असं काही जण म्हणतात. २०२३ मध्ये शासनानं यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख यांपैकी कमी असेल तेवढं अनुदान जाहीर केलं होतं. पण उरलेली रक्कमही मोठी राहते आणि आपली लागण अजून पुष्कळ ठिकाणी तीन-साडेतीन फुटांच्या सरीवर आहे, वाफे तुकड्यातुकड्यांचे. यंत्राला साडेचार-पाच फुटी सरी आणि लांब तास लागतात. लागण बदलेपर्यंत कोयता राहणार, आणि कोयता राहील तोवर मुकादम.

वर सांगितलेल्या पहिल्या मालकाचं पूर्ण बुडालं असं मी म्हणालो नाही. मध्यंतरी गावातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन तो पाटोद्याला जाऊन आला, भांडण न करता. मुकादमानं एक लाख ऐंशी हजारांचा चेक दिला आणि बाकीचं कागदावर कबूल केलं. चेक परत आला. बँकेनं तसं कळवल्याला आज अठरा दिवस झालेत. नोटिसीला बारा दिवस उरलेत. नोटीस वकिलाकडं तयार आहे, पत्ता तेवढा मुकादमाच्या आधार कार्डाशी जुळवून घ्यायचा आहे, कारण बरोबर पत्त्यावर नोंदणी करून पोस्टानं गेलेली नोटीस 'घर बंद' म्हणून परत आली तरी कोर्ट ती पोचली असंच धरून चालतं.